मदत हवी आहे: तंबूतल्या मुक्कामात बारा जणांसाठी सॉसचे सोपे, चवदार जेवण

आम्ही बारा जण मोकळ्या माळावर तंबू ठोकून दोन रात्री राहणार आहोत आणि दोन्ही संध्याकाळच्या जेवणाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. घरच्या चार-पाच माणसांचा स्वयंपाक मी नेहमी करतो, त्यामुळे मला निव्वळ पाककृती नको आहेत. एवढ्या माणसांचे जेवण मोजक्या साधनांत, अंधार पडायच्या आत आणि मिळमिळीत न होऊ देता कसे करावे, हे जाणून घ्यायचे आहे. एका पातेल्यात दाट सॉस करायचा आणि तो पास्ता, भात किंवा उकडलेल्या बटाट्यांबरोबर वाढायचा, असे ढोबळमानाने ठरवले आहे, कारण त्यात भांडी कमी लागतात आणि उशिरा येणाऱ्याला पुन्हा गरम करून देणेही सोपे जाते.

जवळ दोन बर्नरची शेगडी आहे, तिचा सिलिंडर नळीने जोडलेला असून बाजूला राहतो. पातेली दोन आहेत, एक दहा लिटरचे आणि एक पाच लिटरचे, दोन्ही पातळ बुडाच्या अ‍ॅल्युमिनियमची. एक शीतपेटीही आहे. पाणी मात्र दुरून आणावे लागणार, त्यामुळे पास्ता भरपूर पाण्यात उकळून ते ओतून देणे परवडणारे नाही. दोघे मांसाहार करत नाहीत, एकाला गव्हाचा कोणताही पदार्थ चालत नाही आणि मुलांना तिखट नको आहे.

सॉस घरी करून न्यावा की तिथेच करावा, पातळ बुडाला तो लागू नये म्हणून काय करावे आणि फ्रिज नसताना दुसऱ्या संध्याकाळी काय करावे, या तीन शंका आहेत. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

रानचूल:

सॉस घरीच करावा आणि तो निम्मा होईपर्यंत आटवून न्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. चव जिथे तयार होते ते काम, म्हणजे कांदा तांबूस होईपर्यंत परतणे आणि टोमॅटोची पेस्ट तेलात गडद विटकरी रंगावर येईपर्यंत भाजणे, मंद आचेवर आणि सवडीने करावे लागते, आणि माळावर वाऱ्यात फडफडणाऱ्या ज्योतीवर ते धड होत नाही. मसाले आणि वाळवलेली पानेही त्याच तेलात घालावीत, कारण त्यांच्या सुगंधाचा बराचसा भाग पाण्यापेक्षा तेलात चांगला उतरतो. मांस न घालता खोली हवी असेल तर वाळवलेले मशरूम कोमट पाण्यात भिजवून ते पाण्यासकट घालावेत. मीठ आटवून झाल्यावरच घालावे. घरच्या कृतीचे प्रमाण तिप्पट करताना पाणी तिप्पट करू नये, कारण मोठ्या पातेल्यात ऐवजाच्या मानाने पृष्ठभाग कमी असतो आणि सॉस आटायला अपेक्षेपेक्षा फार वेळ लागतो.

माणशी १५० मिलिलिटर तयार सॉस धरला तर बारा जणांना सुमारे दोन लिटर पुरतो, म्हणजे आटवलेला एक लिटर न्यावा लागेल. तो जाड पिशव्यांत भरून सपाट गोठवावा. अशा पिशव्या शीतपेटीत बर्फाचे काम करतात आणि संध्याकाळी लवकर वितळतात.

आता पास्त्याविषयी, कारण खरा वेळ आणि गॅस तिथेच जातो. आठ लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला आणायला सुमारे २,७०० किलोज्यूल उष्णता लागते. बर्नर अडीच किलोवॉटचा असला आणि त्यातली निम्मी उष्णता पातेल्याला मिळाली, तरी अर्ध्या तासाहून अधिक वेळ नुसत्या उकळीतच जातो. त्याऐवजी माणशी १०० ग्रॅम या हिशोबाने लहान आकाराचा सव्वा किलो पास्ता दहा लिटरच्या पातेल्यात, तो जेमतेम बुडेल एवढ्या थंड पाण्यात दीड तास भिजवावा. भिजलेला पास्ता उकळत्या सॉसमध्ये दोनतीन मिनिटांत शिजतो आणि भिजवणीच्या पाण्यात उतरलेल्या पिठाने आटवलेला सॉस सैल होऊनही मिळून येतो. ओतून देण्यासारखे काही उरत नाही.

बुडाला लागण्याचे कारण असे की दाट सॉस पाण्यासारखा आपोआप वरखाली फिरत नाही, त्यामुळे ज्योतीच्या नेमक्या वरचा भाग करपतो. पातेल्याखाली लोखंडी तवा ठेवावा, आधी पेलाभर पाणी तापवून मगच सॉस घालावा आणि सपाट टोकाच्या लाकडी उलथन्याने तळ खरवडत राहावे. तरीही लागलाच तर ढवळू नये, वरचा भाग अलगद दुसऱ्या पातेल्यात काढावा. आपला सिलिंडर बाजूला आहे हे बरे, कारण शेगडी डबीवरच बसवलेली असेल तर एवढ्या रुंद पातेल्याची परतलेली उष्णता डबी धोकादायकरीत्या तापवते.

लिंबाचा रस आणि ताजी पाने गॅस बंद केल्यावर घालावीत. तिखट तेल वेगळे न्यावे, ज्याला हवे त्याने वरून घ्यावे.

दुपारची_सावली:

दुसऱ्या संध्याकाळी बर्फावर भरवसा ठेवू नये, असे मी सुचवेन. पेटीतले तापमान ५ अंशांच्या वर गेले की शिजवलेले अन्न, त्यातही मांस, जोखमीचे होते. न भिजवता पंधरावीस मिनिटांत शिजणारी लाल मसूर डाळ, टोमॅटो पेस्टची नळी आणि नारळाच्या दुधाची भुकटी एवढ्यावर उत्तम सॉस होतो आणि यातल्या न उघडलेल्या कशालाच थंडावा लागत नाही. डाळ माणशी ७५ ग्रॅम घ्यावी आणि ती मऊ झाल्यावरच पेस्ट घालावी, कारण आंबटपणामुळे डाळ शिजायला वेळ लागतो. भुकटी अगदी शेवटी पाण्यात कालवून घालावी, जोरात उकळू देऊ नये, नाहीतर ती फुटते. शेजारी पाच लिटरच्या पातेल्यात किलोभर तांदळाचा भात होतो आणि गव्हाचा प्रश्नच उरत नाही.

उंचावर जाणार असाल तर दर ३०० मीटरमागे पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने उतरतो, त्या मानाने डाळीला अधिक वेळ आणि गॅस धरावा. आणि पाऊस आला तरी शेगडी तंबूत नेऊ नये. आगीपेक्षाही कार्बन मोनॉक्साइडची भीती मोठी असते, कारण त्याला वास नसतो.

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. भिजवलेल्या पास्त्याची कल्पना मला पूर्णपणे नवीन आहे. ज्यांना गहू चालत नाही त्यांच्यासाठी पहिल्या संध्याकाळी त्याच सॉसबरोबर बटाटे दिले तर चालेल ना?

रानचूल:

चालेल, पण क्रम सांभाळावा लागेल. भिजवणीच्या पाण्यात गव्हाचे पीठ असते, म्हणून त्यांचा वाटा आधी काढून साध्या पाण्याने सैल करावा आणि त्यासाठी पळीही वेगळी ठेवावी. बटाटे घरूनच सालासकट उकडून न्यावेत, ते शीतपेटीतच ठेवावेत आणि त्यांच्या वाट्याच्या सॉसमध्येच चांगले गरम करावेत. सॉस घरी दाट करतानाही मैदा वापरू नये. गरज वाटल्यास मक्याचे पीठ थंड पाण्यात कालवून लावावे. मांस घालायचेच असेल तर शिजवून वेगळ्या पिशवीत गोठवून आणावे आणि पाच लिटरच्या पातेल्यात थोडा सॉस घेऊन त्यात स्वतंत्र उकळावे, म्हणजे मोठे पातेले सगळ्यांना चालेल.