महापालिकेच्या हेरिटेज कक्षातील नोकरी: प्रत्यक्ष काम कसे असते?

प्रश्न: नवी_आरेखक

नमस्कार. मी वास्तुकलेची पदवी आणि त्यानंतर संवर्धनाचे पदव्युत्तर शिक्षण घेतले असून गेली तीन वर्षे एका खासगी कार्यालयात वाड्यांची व मंदिरांची मोजमापे घेऊन नकाशे तयार करण्याचे काम करते. पश्चिम महाराष्ट्रातील एका महापालिकेने नगररचना विभागातील हेरिटेज कक्षासाठी अकरा महिन्यांच्या कराराने एक जागा काढली आहे. जाहिरातीत ‘वारसा यादी अद्ययावत करणे, प्रस्तावांची छाननी करणे व समितीस साहाय्य करणे’ एवढाच मजकूर आहे.

ज्यांनी असे काम केले आहे किंवा ज्यांचा अशा कक्षाशी संबंध आला आहे, त्यांना मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. दिवसभर प्रत्यक्ष काय करावे लागते, आणि कराराने काम करणाऱ्या व्यक्तीच्या मताला तिथे किती किंमत असते? आमच्या कार्यालयातील वरिष्ठांचे म्हणणे असे की तिथे गेल्यावर वास्तू बघणे थांबते आणि लोकांना ‘नाही’ म्हणणे तेवढे उरते.

उत्तर: जुनी_फाइल

मी एका महापालिकेच्या नगररचना विभागातून निवृत्त झालो आहे आणि शेवटची काही वर्षे वारसा समितीच्या बैठकांची टिपणे माझ्याकडे होती. तुमच्या वरिष्ठांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. सरळ नकार दिलेल्या फायली माझ्या आठवणीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. बाकी सगळा वेळ ‘हे करा, पण या पद्धतीने करा, आणि त्याचे कारण हे’ असे लिहिण्यात गेला. ते कारण नीट लिहिणे हीच या नोकरीतील खरी कारागिरी आहे, कारण तुमची टिपणी समितीपुढे जाते, समितीकडून आयुक्तांकडे जाते आणि प्रकरण चिघळले तर न्यायालयातही तीच वाचली जाते. ‘इमारत सुंदर आहे’ असे तिथे लिहून चालत नाही. रस्त्याकडील लाकडी सज्जा, त्याला खालून आधार देणारे कोरीव घोडे, दोन्ही बाजूंच्या वाड्यांशी जुळणारी पागोळीची रेषा, आणि हे गेल्यास गल्लीचे नेमके काय जाते, एवढे तपशिलात लिहावे लागते.

थोडी पार्श्वभूमी सांगतो, कारण मुलाखतीत हे हमखास विचारतात. केंद्राचा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा पुरातत्त्व कायदा हे दोन्ही मुख्यतः स्मारकांसाठी आहेत. ज्या इमारतीत माणसे राहतात, खाली किराणा दुकान चालते आणि वर शिकवणी भरते, ती त्या कायद्यांच्या चौकटीत सहसा बसत नाही. म्हणून मुंबईने नगररचनेच्या वाटेने जायचे ठरवले आणि १९९५ मध्ये विकास नियंत्रण नियमावलीच्या ६७ व्या नियमाने वारसा इमारतींची यादी, श्रेणी व समिती यांना वैधानिक बळ मिळाले. पहिल्या श्रेणीत जवळजवळ काहीच बदल नाही, ‘२अ’ मध्ये छाननीनंतर अंतर्गत बदल, ‘२ब’ मध्ये त्याशिवाय त्याच भूखंडावर वाढीव बांधकामाचा विचार, आणि तिसऱ्या श्रेणीत बरीच मोकळीक, अशी ती उतरंड आहे.

श्रेणी ठरवताना चूक झाली तर ती पुढे कोणीच दुरुस्त करत नाही, म्हणून यादीचे काम कंटाळवाणे वाटले तरी ते दुसऱ्याच्या भरवशावर सोडू नका. मी पाहिलेल्या एका यादीत एकाच वाड्याची दोन नावांनी नोंद होती, आणि दुसऱ्या एका नोंदीचा सिटी सर्व्हे क्रमांक शेजारच्या सिमेंटच्या इमारतीचा निघाला. त्या मालकाने हरकत घेतली तेव्हा आमच्याकडे उत्तरच नव्हते. मिळकतपत्रिका, जुना नकाशा आणि आजचे छायाचित्र ही तिन्ही समोर ठेवल्याशिवाय एकही नोंद पक्की करू नये, हे मी तेव्हा शिकलो.

यादीची भीती लोकांच्या मनात किती असते हे २०१२ साली मुंबईत दिसले. नव्या यादीच्या मसुद्यात शिवाजी पार्कचा परिसर आला आणि तिथल्या रहिवाशांनीच मोठा विरोध केला, कारण पुनर्विकास अडकेल असे त्यांना वाटले. ते लोक वारशाचे शत्रू होते असे मी म्हणणार नाही. त्यांच्या इमारतींना लिफ्ट नव्हती आणि त्यांची वये वाढत होती. सूचना-हरकतींची नोटीस वर्तमानपत्रात छापली की आपले कर्तव्य संपले, असे कार्यालय मानते. तुम्ही त्याआधी त्या गल्लीत जाऊन बसा.

आता सगळ्यात अवघड भाग. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींची पाहणी होते आणि महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली नोटिसा निघतात. एकाच वाड्याचे नाव तुमच्या वारसा यादीत आणि बांधकाम विभागाच्या धोकादायक यादीत, दोन्हीकडे असते. मालकाला भाडेकरू काढायचे असतात, भाडे कित्येक वर्षांपूर्वीचे असते, वारसदार अनेक असतात, आणि छपरावरची चार कौले मुद्दाम सरकवून ठेवली की दोन पावसाळ्यांत निसर्ग उरलेले काम करतो. मग संरचनात्मक तपासणीचा अहवाल येतो, त्यात काँक्रीटसाठी असलेल्या रिबाउंड हॅमरच्या चाचणीचे आकडे असतात, आणि वाडा असतो सागवानी खांब-तुळयांचा व विटा-मातीच्या भिंतींचा! असा अहवाल स्वीकारू नका. तुळईचे भिंतीत गेलेले टोक आधी कुजते, कारण ओल तिथेच साचते. ते टोक उघडून, ठोकून आणि सळई घालून पाहिले आहे का, असे लेखी विचारा. एका वाड्याच्या बाबतीत आम्ही एवढे एकच पत्र पाठवले होते. दुसऱ्या अहवालात ‘पाडणे आवश्यक’ऐवजी ‘सहा तुळया बदलणे व तोपर्यंत टेकू देणे आवश्यक’ असे आले. तो वाडा आजही उभा आहे, निदान मागच्या दिवाळीपर्यंत तरी होता.

कराराच्या व्यक्तीच्या मताला किंमत असते का? सहीला नसते, टिपणीला असते, पण ती वेळेत गेली तरच. ज्या फायलीवर तुमचा शेरा मुदतीत पोहोचत नाही, तिच्यावर दुसऱ्या कोणाचा तरी पोहोचतो.

उत्तर: चुन्याची_घाणी

मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूचा आहे. महापालिकांच्या मालकीच्या जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामे आम्ही निविदेतून घेतो. वर लिहिलेले सर्व मान्य आहे, पण एक मोठा भाग राहून गेला आहे. हेरिटेज कक्ष केवळ खासगी प्रस्ताव तपासत नाही. पुण्यातील विश्रामबागवाडा किंवा महात्मा फुले मंडई यांसारख्या वास्तू खुद्द महापालिकेच्याच ताब्यात असतात, आणि त्यांच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक कोणीतरी करावे लागते.

अडचण अशी की शासनाची दरसूची मुख्यतः सिमेंट, वाळू आणि लोखंडाच्या कामांभोवती रचलेली आहे. भिजवून मुरवलेला चुना, सुरकी म्हणजे विटांची भुकटी, त्यात घालायचे गूळ-बेलफळाचे पाणी, जुन्या सागाचा जोड, यांचे दर त्यात सहजी सापडत नाहीत. प्रत्येक बाबीचे दरपृथक्करण, म्हणजे साहित्य व मजुरी यांचा वेगवेगळा हिशेब मांडून दर काढणे, करून ते मंजूर करून घ्यावे लागते. हे कष्ट नको म्हणून अंदाजपत्रकात सरळ सिमेंटचा गिलावा टाकला जातो आणि तिथेच इमारतीचे नुकसान ठरते, कारण सिमेंट भिंतीतील ओल बाहेर पडू देत नाही आणि आतली वीट भुसभुशीत होत जाते. निविदा मंजूर होते फेब्रुवारीत, रक्कम खर्ची पडायची असते ३१ मार्चपूर्वी, आणि चुन्याला तर एकेका थरामागे सुकायला वेळ हवा असतो. एका ठिकाणी आम्ही मुदतवाढ मागितली तेव्हा ‘चुना लवकर वाळेल असे काही मिसळता येणार नाही का’, असे विचारण्यात आले होते.

तुम्ही गेलात तर चुन्याच्या कामांची दरपृथक्करणे एकदाच नीट तयार करून मंजूर करून ठेवा. कोणी टाळ्या वाजवणार नाही, पण तुमच्यानंतर येणारा प्रत्येक अभियंता तीच वापरेल.

उत्तर: वाड्याचा_धनी

सर्वांनी मालकाला खलनायक केले आहे, म्हणून लिहितो. माझे घर केंद्रीय संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत आहे. केंद्राच्या पुरातत्त्व कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर त्या पट्ट्यात नवे बांधकाम करता येत नाही, त्यापुढच्या दोनशे मीटरांत परवानगी लागते, आणि माझ्यासारख्याला तर छपराच्या दुरुस्तीलाही आधी परवानगी घ्यावी लागते. शनिवारवाड्याभोवतालच्या पेठांत राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. महापालिकेत गेलो की ते केंद्राकडे बोट दाखवतात. मला अर्ज कसा भरायचा, कोणती छायाचित्रे जोडायची आणि कोणत्या कामाला दुरुस्ती म्हणतात व कोणत्या कामाला नवे बांधकाम, हे मराठीत एका पानावर आजवर कोणी दिलेले नाही. नोकरी घ्या आणि ते पान आधी तयार करा.

उत्तर: पोटोमॅकपलीकडे

मी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील एका छोट्या शहराच्या नियोजन विभागात हेच काम करते, म्हणून तुलनेपुरते लिहिते. इथे बाहेरच्यांना वाटते की नॅशनल रजिस्टरमध्ये, म्हणजे ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत, नाव आले की घर सुरक्षित झाले; प्रत्यक्षात खासगी मालकाने स्वतःच्या पैशाने ते पाडले तर त्या नोंदीमुळे त्याला कोणी अडवू शकत नाही. अडवतो तो शहराचा स्वतःचा अध्यादेश. चार्ल्स्टनने १९३१ मध्ये पहिला केला, आणि न्यूयॉर्कचे पेन स्टेशन १९६३ पासून पाडले गेल्यावर त्या शहराने १९६५ मध्ये आपला कायदा केला. १९७८ मध्ये ग्रँड सेंट्रल स्थानकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला, आणि न बांधता आलेले क्षेत्र जवळच्या भूखंडांवर वापरण्याची मुभा मालकाला आहे, हा मुद्दा त्यात विचारात घेतला गेला. तुमच्याकडील हस्तांतरणीय विकास हक्काचा, म्हणजे टीडीआरचा, विचार त्याच जातीचा आहे.

माझ्या दिवसाचा मोठा भाग खिडक्यांत जातो! लाकडी खिडकी काढून प्लॅस्टिकची बसवायची आहे, असे अर्ज सतत येतात. रंग, कौले, कुंपण अशा किरकोळ कामांना मी स्वतःच्या अधिकारात संमती देऊ शकते आणि उरलेलेच मंडळापुढे जाते. त्यामुळे लोक काम लपवत नाहीत, आधी येऊन विचारतात. पैशाचे मात्र इथेही तसेच आहे: उत्पन्न देणाऱ्या ऐतिहासिक इमारतीच्या पुनर्वसनाला केंद्राकडून २० टक्के कर-सवलत मिळते, पण स्वतःच्या राहत्या घराला ती लागू नाही, आणि नेमक्या त्याच माणसाला मला महागडी लाकडी खिडकी करायला सांगावे लागते.

नवी_आरेखक

सर्वांचे मनापासून आभार. किरकोळ कामांच्या परवानगीचा अधिकार कक्षाला असावा, ही गोष्ट माझ्या मनात आली नव्हती. मुलाखत पुढच्या आठवड्यात आहे. मी त्यांना उलट काय विचारावे?

जुनी_फाइल

तीन गोष्टी विचारा: मागच्या वर्षभरात समितीच्या किती बैठका झाल्या, धोकादायक इमारतीची नोटीस काढण्यापूर्वी बांधकाम विभाग हेरिटेज कक्षाला कळवतो का, आणि स्थळपाहणीसाठी वाहन मिळते का. तिसरा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण वाहन नसेल तर वर्षभर तुम्ही अर्जदाराने आणून दिलेली छायाचित्रेच तपासत बसाल. पहिल्या प्रश्नावर समोरचे एकमेकांकडे पाहू लागले, तर करार अकरा महिन्यांचाच आहे याबद्दल समाधान माना आणि तेवढ्यात यादी तरी दुरुस्त करून घ्या. रुजू झालात तर वाड्याच्या धन्यांना हवे असलेले ते पान इथेही टाका. मी मसुदा वाचून देईन.