मदत हवी आहे: नोव्हेंबरात लासेन ते क्रेटर लेक, आईबाबांना घेऊन

नमस्कार मंडळी. आईबाबा पुण्याहून आमच्याकडे सॅन होजेला आलेत. बाबांनी 35 वर्षं शाळेत भूगोल शिकवला, सह्याद्रीतला काळा बेसॉल्ट मुलांच्या हातात देऊन लाव्हारस समजावला, पण ज्वालामुखी कधी पाहिला नाही. तो त्यांना दाखवायचाच आहे. मला सुट्टी मात्र नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातच मिळतेय.

बेत असा: रेडिंगवरून लासेन (उत्तर कॅलिफोर्नियातलं ज्वालामुखीचं राष्ट्रीय उद्यान), मग लाव्हा बेड्स (लाव्हाच्या गुहांचा परिसर), क्लॅमथ फॉल्स गावी मुक्काम आणि शेवटी ओरेगनमधलं क्रेटर लेक, म्हणजे ज्वालामुखीच्या खळग्यातलं तळं. लासेनचा आरपार रस्ता 8,500 फुटांपर्यंत चढतो, बर्फ साचलं की बंद. तरी उत्तरेकडून मॅन्झनिटा लेकपर्यंत गेलो आणि 1915 साली फुटलेला तो डोंगर समोर दिसला, तरी बाबा खूश होतील. क्रेटर लेकला उत्तरेचं प्रवेशद्वार बंद असणार, म्हणून दक्षिणेकडून 62 नंबरच्या रस्त्याने तळ्याच्या काठावरचं रिम व्हिलेज गाठायचं.

काळजी त्या शेवटच्या चढाची आहे. गाडी ऑल व्हील ड्राइव्ह, टायर साधे. बर्फात टायरला लावायच्या चेन बरोबर घेतोय, पण आजवर कधी लावलेल्या नाहीत. या दिवसांत कुणी तिथे गाडी चालवली आहे का? सकाळी रस्ता निसरडा असतो, तर किती वाजता निघावं? ढग उतरले की तळं दिसतच नाही म्हणे. मग लाव्हा बेड्स गाळून एक दिवस हाताशी ठेवू का? आईचे गुडघे दुखतात, तेव्हा गाडीपासून बर्फातून किती चालावं लागतं तेही कृपया सांगा.