तालुक्याच्या बातमीदाराला पोसायचं, की त्याच्यापासूनच सावध राहायचं?

खारपाणपट्टा (धागाकर्ता)
डिसेंबर २०२४ च्या शेवटी बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगण्याकडे लोकांचे केस गळायला लागले. तीन-चार दिवसांत डोकं साफ. त्यानंतरचे दोन महिने आठवा. आधी पाण्यावर आलं, कारण आमचा पट्टा खारा आणि तपासणीत नायट्रेटही जास्त निघालं. मग शाम्पू झाला, मग बुरशी झाली, मधेच 'टक्कल व्हायरस' झाला. आयसीएमआरचं, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचं पथक येऊन नमुने घेऊन गेलं. फेब्रुवारीत डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियम या खनिजाकडे बोट दाखवलं. तोवर मोबाइलमोबाइलवर या गावांची पार शोभा झाली होती, जुळत आलेल्या सोयरिकी अडल्या होत्या.

अफवा थांबवायची म्हटलं की कोणीतरी येऊन भाषण देतं: फॉरवर्ड करण्याआधी विचार करा. अहो, पण विचार कशाच्या आधारावर करायचा? रेशनचा गहू कुठून आला, पाण्याचा अहवाल कोणत्या प्रयोगशाळेचा आणि कोणत्या तारखेचा, हे गावात येऊन सांगणारा माणूस लागतो. तो म्हणजे तालुक्याचा वार्ताहर. त्याला पगार नाही. मानधन असलंच तर पेट्रोलपुरतं, बाकी सगळं जाहिरातीच्या कमिशनवर. ज्या सरपंचाकडून वाढदिवसाची जाहिरात आणायची, त्यालाच पाण्याचा अहवाल कसा मागायचा?

म्हणून माझं म्हणणं, बातमीदाराला ठरावीक मानधन द्या, कागद आणि व्हिडिओ तपासायला शिकवा, नोटीस आली तर वकील द्या. पैसा वाचकांचा किंवा एखाद्या विश्वस्त निधीचा असावा. सरकारचा नको.

बाभूळबन
धाग्यातलं अर्धं उत्तर धाग्यातच आहे. 'व्हायरस' कोणी छापला? एकही अहवाल हातात नसताना? बायाबापड्यांची उघडी डोकी जवळून दाखवणारे कॅमेरे व्हॉट्सअ‍ॅपवाल्या काकांचे नव्हते. काकांनी फक्त पुढे ढकललं. अफवेचा ठोक व्यापारी सोडून चिल्लर विक्रेत्याला पकडायचं, आणि वरून व्यापाऱ्याला अनुदान! त्यापेक्षा हाच पैसा शाळेत लावा. सातवीच्या पोरांना शिकवा की फोटो जुना आहे का ते कसं शोधायचं.

खारपाणपट्टा
वार्ताहर चार ओळी पाठवतो, मथळा शहरातला संपादकीय डेस्क लावतो. शिव्या मात्र गावात त्यालाच.

बाभूळबन
आणि स्वतःचं यूट्यूब चॅनेल असतं तेव्हा? तिथे कोणता डेस्क?

मास्तर मेळघाटचे
शाळेचा विषय निघाला म्हणून लिहितो. शिकवतो आम्ही, यू-डायसची ऑनलाइन माहिती, शालेय पोषण आहार आणि मतदार याद्या यांतून वेळ उरला तर. पण पोरं फॉरवर्ड करतच नाहीत हो, मोबाइल बापाचा असतो. आणखी एक, मराठी पेपरला कितीही सुधारा, घरी फक्त कोरकू बोलणाऱ्या आजीपर्यंत तो जाणार नाही. तिच्यापर्यंत नातवाच्या फोनवरची व्हॉइस नोट जाते. लसीच्या सुईने पोरं होत नाहीत, ही अफवा त्याच वाटेने येते. मग आशाताईंना दारोदार फिरून ती खोडावी लागते. बातमीदार तयार करायचेच असतील तर कोरकूत बोलून आवाज पाठवणारे करा. याला कोणी पत्रकार म्हणेल का, ठाऊक नाही.

वऱ्हाडी ठेचा
आमच्या तालुक्यात पेपरपेक्षा पत्रकार जास्त हायेत बाप्पा. हातात बूम माइक, गाडीवर प्रेस. रेतीघाटावर जातेत, शूटिंग करतेत, अन् बातमी काही दिसत नाही. जी लावली नाही तिचेच तर पैसे! याइले अजून मानधन काहून द्या?

सेलूची वार्ताहर
ठेचाभाऊ, तसे आहेत, आणि त्यांच्यामुळे आम्हाला ग्रामपंचायतीत कोणी खुर्ची देत नाही. पण आमचा हिशेब ऐका. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि दिवाळीला जाहिरातीचं टार्गेट. जाहिरात देणाऱ्याने बिल बुडवलं की ते आमच्या अंगावर. नेमणुकीचं पत्र मागितलं तर नुसतं ओळखपत्र मिळतं, तेही वर्षाचं. राज्यात पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१७ चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण तो नोकरीवर किंवा करारावर असलेल्यांना धरून लिहिलेला. आमच्याकडे दोन्हीचा कागद नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरला पत्रकार शशिकांत वारिशेंना गाडीखाली घातलं, आणि खुनाचा आरोप त्यांच्याच बातमीतल्या माणसावर आहे. बाळशास्त्री जांभेकरांच्या नावाची सरकारी सन्मान योजना आहे, ती साठीनंतर. साठीपर्यंत काय खायचं, त्याची योजना नाही.

कायद्याचं बोला
इतका खटाटोप कशाला? जिल्हा माहिती कार्यालयाने रोज खुलासा काढावा. ब्रह्मपुरीच्या वन विश्रामगृहाबाहेर वाघाने माणूस नेल्याचा व्हिडिओ फिरला, तेव्हा वन विभागाने तो एआयचा असल्याचं सांगितलं आणि विषय मिटला. बातमीदार लागला नाही.

खारपाणपट्टा
विश्रामगृह वन विभागाचं, वाघ खोटा ठरला तर फायदाही त्याच विभागाचा. म्हणून खुलासा चटकन आला आणि खराही होता. आता गव्हाचं बघा. रेशनच्या गव्हावर संशय, आणि खुलासा त्याच सरकारचा? केंद्राने स्वतःबद्दलच्या बातम्या खोट्या ठरवायला सत्यपडताळणी कक्षाचा नियम केला होता. तो मुंबई उच्च न्यायालयात टिकला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये न्या. अतुल चांदूरकरांचं निर्णायक मत आलं, आणि ते आपल्या नागपूरचेच.

बाभूळबन
बरं, सरकार बाजूला ठेवू. मग राईनपाड्याचं सांगा. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा, रविवारचा बाजार. भिक्षा मागायला आलेल्या पाच भटक्यांना मुलं पळवणारी टोळी समजून लोकांनी ठेचून मारलं. तुमचा प्रशिक्षित, पगारी वार्ताहर तिथे काय करणार होता? त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल असं केलं. मला तर तो उपाय तुमच्या शंभर कार्यशाळांपेक्षा वजनदार वाटतो.

सेलूची वार्ताहर
त्या दिवशी काहीच करू शकला नसता, जमावापुढे कोण उभं राहतं? पण ती अफवा त्या रविवारी जन्मली नव्हती. टोळी आल्याचे मेसेज त्या भागात आधीपासून फिरत होते. अशा वेळी ठाण्यात जाऊन विचारायचं, एक तरी मूल हरवल्याची नोंद आहे का? नसेल तर ठाणेदाराच्या नावानिशी छापायचं, आणि बाजाराच्या आधी छापायचं. एवढंच काम आहे. त्यासाठी ठाण्यापर्यंत जायला सवड लागते आणि पेट्रोल लागतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या मर्यादेने वेग कमी होतो, पण लोकांना खरं काय ते कळत नाही.

बाभूळबन
ताई, तुम्ही जाल हे मान्य. बूमवाला जाईल का? पैसे कोणाला द्यायचे हे ठरवणार कोण? तिथेही पुढाऱ्याचा भाचाच निघेल.

खारपाणपट्टा
म्हणून पैसा वाचकांचा म्हणतो. तालुक्यातल्या दोन हजार घरांनी महिन्याला दहा रुपये दिले तर वीस हजार होतात. दर महिन्याला हिशेब आणि केलेल्या बातम्यांची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायची. न आवडला तर दहा रुपये बंद.

मास्तर मेळघाटचे
आमच्याकडे दहा रुपयेही सांभाळून मागा. लोक कामाला परतवाड्या-अमरावतीकडे उतरतात, गावात घरं असतात, माणसं नसतात.

वऱ्हाडी ठेचा
पेपर टपरीवर फुकट वाचनारा मानूस दहा रुपये देते का? पन जाऊ द्या, मी वर्षाचे शंभर देतो. पयले आमच्या रेतीघाटाची बातमी लावून दाखवा, मंग.

सेलूची वार्ताहर
घाट कोणता, लिलाव झाला आहे का, आणि ट्रॅक्टर रात्री किती वाजता निघतात, ते व्यक्तिगत निरोपात कळवा. इथे लिहू नका.