मदत हवी आहे: पापण्यांचे केस दाट-लांब करायचेत, आजीचे काचबिंदूचे ड्रॉप्स चालतील का?

घारी_मैना

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा नटवेपणाचा वाटेल पण हसू नका प्लीज. तुळशीची लग्नं आटोपली की माझा नंबर आहे, डिसेंबरच्या शेवटी, आणि माझ्या पापण्यांना केस म्हणजे नावालाच आहेत. मुळात आखूड, त्यात गेल्या वर्षभरात विरळ झाल्यासारखे वाटतायत, मस्कारा लावला की चार काड्या उभ्या केल्यागत दिसतं.

तर झालं असं की माझ्या आजीला उजव्या डोळ्यात काचबिंदू आहे, त्यासाठी रोज रात्री झोपताना एक थेंब घालतो आम्ही, बाटलीवर बिमाटोप्रॉस्ट ०.०३ टक्के असं लिहिलंय. गौरींच्या वेळी सगळ्यांचे फोटो काढले ते मोठे करून बघत होते तर आजीच्या उजव्या पापणीचे केस काय सुंदर, लांब, काळेभोर, वर वळलेले! आणि डावीकडे जेमतेम पांढुरके. आमची आत्तेबहीण लगेच म्हणाली अगं हेच औषध अमेरिकेत पापण्या वाढवायला विकतात, आजीच्याच बाटलीतलं लाव की थोडं. आई म्हणते एरंडेल लाव, आमच्या वेळी हेच होतं. पार्लरवाली ताई म्हणते एक्स्टेन्शन कर, म्हणजे पापण्यांना खोटे केस चिकटवून घे, झंझटच नको. तिघींचं ऐकून डोकं गरगरतंय. कोणी यातलं काही केलंय का? आणि आजीचं औषध लावलं तर नेमकं काय होतं? डॉक्टरांना विचारायला लाज वाटते, ते म्हणतील इथे लोकांना दिसत नाही आणि हिला पापण्या हव्यात.

रातराणी

एरंडेल मी भरपूर चोळलंय बाई. केस चकाकतात, जरा जाड वाटतात, कारण तेलाचा थर बसतो ना. लांबी काही वाढली नाही. रात्री डोळ्यात उतरलं की सकाळी सगळं धूसर. केसांची मुळं वाढवतं याला काही नीट पुरावाही नाही. आईला सांग, त्यांच्या वेळी पापण्या मुळातच चांगल्या होत्या म्हणून तेलाला श्रेय मिळालं 😄

चष्मा_नंबर_उणे_सहा

मी डोळ्यांच्या दवाखान्यात ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे नजर-नंबर तपासणारा, डॉक्टर नाही, ते आधीच सांगून ठेवतो. पण ताई, लाज कसली त्यात, असे पेशंट दर आठवड्याला येतात.

तुमच्या आत्तेबहिणीचं अर्ध बरोबर आहे. बिमाटोप्रॉस्ट हे काचबिंदूचं औषध म्हणून अमेरिकेत २००१ मध्ये आलं, ल्युमिगन नावाने. पेशंटच्या पापण्या वाढताना दिसल्या, अगदी तुमच्या आजींसारख्या, आणि ज्यांचा एकच डोळा चालू असायचा त्यांच्यात तर फरक लपायचाच नाही. मग त्याच कंपनीने तेच ०.०३ टक्के औषध लॅटिस नावाने आणलं आणि डिसेंबर २००८ मध्ये त्याला तिथल्या एफडीएची (औषधांना परवानगी देणारी सरकारी संस्था) मंजुरी मिळाली, फक्त विरळ पापण्यांसाठी. काम कसं करतं तर पापणीच्या केसाचा वाढीचा काळ फार थोडा असतो, महिना-दीड महिना, म्हणून तो डोक्यावरच्या केसासारखा लांबत नाही. हे औषध तो काळ ताणतं आणि एकाच वेळी जास्त केस वाढीला लावतं. त्यामुळे लांब, जाड, गडद तिन्ही होतं. पण पूर्ण परिणाम दिसायला १६ आठवडे धरतात. म्हणजे तुम्ही आज सुरू केलं तरी लग्नापर्यंत जेमतेम. आणि बंद केलं की हळूहळू पापण्या होत्या तशा.

आता आजींच्या बाटलीबद्दल, ते मात्र अजिबात नको. एक तर लॅटिस डोळ्यात घालत नाहीत, वरच्या पापणीच्या मुळाशी वेगळ्या, एकदाच वापरायच्या ब्रशने रेघ ओढतात, उरलेलं टिपून घेतात. ओघळ गालावर जिथे जातो तिथे लव वाढू शकते. खालच्या पापणीला लावायचं नाही. दुसरं, बाटलीच्या तोंडाला तुमचा हात-ब्रश लागला की जंतू आजींच्या डोळ्यात, आणि त्यांचा तर आधीच आजारी डोळा. शिवाय औषध मध्येच संपलं आणि दोन-चार दिवस खंड पडला तर त्यांच्या डोळ्याचा दाब वाढेल, त्यात नजर गेली तर परत येत नाही.

वहिनी_कोथरूडच्या

एक्स्टेन्शनचा माझा अनुभव लिहिते. पुण्यातल्या एका पार्लरात नणंदेच्या साखरपुड्याला करून घेतलं, त्या दिवशी इतकी छान दिसले की नवऱ्याने पण मान वर करून पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही पापण्या सुजून टम्म, डोळे उघडेनात. तो गोंद सायनोअ‍ॅक्रिलेटचा असतो, फेविक्विकच्या जातीतला, आणि त्यातून फॉर्मल्डिहाइड सुटतं, त्याची अ‍ॅलर्जी होती म्हणे मला. पॅच टेस्ट, म्हणजे आधी कातडीवर थोडंसं लावून अ‍ॅलर्जी होते का बघतात ती, कोणी विचारलीच नाही. बरं सहन झालं तरी दोन-तीन आठवड्यांनी रिफिल, आणि जड लॅशेसच्या ओढीने स्वतःचे केस तुटतात ते वेगळंच. विरळ आहेत म्हणून लावायचे आणि आणखी विरळ करून घ्यायचे, कशाला?

घारी_मैना

बापरे वहिनी! एक्स्टेन्शन कॅन्सल.

दादा, खूप आभार इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल. म्हणजे डॉक्टरांकडून वेगळी बाटली लिहून घेतली तर चालेल का? आणि एक विचारायचं राहिलं, माझे डोळे घारे आहेत (आयडीवरून कळलंच असेल), आजीचे काळे आहेत, त्याने काही फरक पडतो का? आत्तेबहीण काहीतरी म्हणत होती पण तिला धड माहीत नाही. आणि हो, सकाळी पापण्यांच्या मुळाशी बारीक कोंड्यासारखं काहीतरी असतं, खाज येते, चोळते मी. मला वाटलं मस्काराचं उरलेलं असेल.

चष्मा_नंबर_उणे_सहा

आता खरी गोष्ट बाहेर आली ताई! हे आधी सांगायचं ना.

घाऱ्या डोळ्यांना फरक पडतो, आणि चांगलाच. बिमाटोप्रॉस्टच्या गटातल्या औषधांनी बुबुळात तपकिरी रंग वाढू शकतो, आणि काचबिंदूच्या थेंबांमध्ये तो मुख्यतः मिश्र रंगाच्या डोळ्यांत दिसलाय, हिरवट-तपकिरी, पिवळट-तपकिरी वगैरे. तो बदल औषध बंद केलं तरी जात नाही. काळ्याभोर डोळ्यात कोणाला कळणारही नाही. पापणीच्या कडेला लावलं तर आत फार थोडं जातं त्यामुळे शक्यता बरीच कमी, पण शून्य नाही, लॅटिसच्या माहितीपत्रकातही ही सूचना आहे. पापणीची कातडी काळवंडू शकते, ती बहुतेक वेळा बंद केल्यावर निवळते. आणि बरीच वर्षं वापरलं तर डोळ्याभोवतीची चरबी कमी होऊन डोळा खोल गेल्यासारखा दिसू शकतो. आजींचा उजवा डोळा डाव्यापेक्षा खोल वाटतो का ते फोटोत बघा एकदा.

पण त्याही आधी तो कोंडा. मुळाशी पापुद्रे, खाज, वर्षभरात विरळ होणं, हे ब्लेफरायटिससारखं वाटतंय, म्हणजे पापणीच्या कडेची सूज. त्यातच केस गळतात. कधी डेमोडेक्स नावाचे सूक्ष्म किडे पण कारण असतात. थायरॉइडमुळेही पापण्या-भुवया विरळ होतात. हे बघितल्याशिवाय वाढीचं औषध लावण्यात काही अर्थ नाही, उलट सुजलेल्या कडेला ते आणखी झोंबेल. नेत्रतज्ज्ञांना दाखवा, बहुतेक गरम शेक, पापण्यांची रोजची सफाई आणि लागलं तर मलम, एवढ्यावर फरक पडतो. तोवर मस्कारा बंद आणि चोळणं तर बंदच.

ऑनलाइन_खरेदी_तज्ज्ञ

मध्येच तोंड घालते. "नॅचरल" म्हणून जी लॅश सीरम (पापण्यांना लावायची द्रव्यं) विकतात ना, त्यांच्या घटकांची यादी वाचा. कुठेही "क्लोप्रोस्ट..." असा लांबलचक शब्द दिसला, उदा. आयसोप्रोपिल क्लोप्रोस्टिनेट, तर ते याच औषधाचं भावंड आहे, फक्त डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणारं. घाऱ्या डोळेवालीने तर नकोच. नुसत्या पेप्टाइडवाल्या सीरमने केस मऊ राहतात, लांबीची फार आशा नको.

चष्मा_नंबर_उणे_सहा

+१. आणि टी ट्री ऑइल कोणी सुचवलं तर ते घरी डोळ्याजवळ लावू नका, कसलं जळजळतं.

ब्युटीशियन_मावशी

माझं नाशिकला पार्लर आहे तरी सांगते, एक्स्टेन्शनचा आग्रह धरणाऱ्या ताईला नाहीच म्हण. लॅश लिफ्ट म्हणून एक असतं, त्यात थायोग्लायकोलेट असतं, पर्मिंगला वापरतात तसलंच, केस वर वळतात आणि सहा-आठ आठवडे राहतं, लांबी वाढत नाही पण आखूड केस उठून दिसतात. पण डोळ्याची खाज पूर्ण थांबल्यावर, पॅच टेस्ट करून आणि लग्नाच्या दोन-तीन आठवडे आधी. आदल्या दिवशी मुळीच नाही, सूज आली तर अंतरपाटाआड रडल्यासारखी दिसशील.

नाहीतर लग्नापुरत्या बारीक क्लस्टर लॅशेस (खोट्या पापण्यांचे छोटे झुपके) लाव, बाहेरच्या कोपऱ्यात तीन-चार बास. गोंद लेटेक्स नसलेला घे. आणि होमाच्या धुराने डोळ्यातून पाणी येतंच येतं, त्यामुळे घरी एकदा लावून चुलीपुढे नाही तर निदान कांदा चिरून बघ टिकतात का 😂 रात्री काढून मगच झोपायचं.

घारी_मैना

मावशी, कांद्याची टेस्ट नक्की करते!

घारे डोळे बदलले तर आजीच मला मारेल, तिच्या मते सासरच्यांनी त्यावरूनच होकार दिलाय. त्यामुळे ड्रॉप्सचा विषय संपला. पुढच्या आठवड्यात आजीला दाब तपासायला न्यायचंच आहे, त्याच डॉक्टरांना माझा कोंडा दाखवून घेते. दादा, फोटो बघितला, आजीचा उजवा डोळा खरंच थोडा खोल दिसतोय, ते पण त्यांना दाखवू का, की म्हातारपणाचंच असेल?

चष्मा_नंबर_उणे_सहा

दाखवा. फोटो जुना-नवा दोन्ही न्या. पण त्यांनी सांगेपर्यंत थेंब बंद करू नका, एक दिवससुद्धा.