जुन्या मॅसी फर्ग्युसन ३५ साठी इंजिन ऑइल आणि हायड्रॉलिक ऑइल कोणते घ्यावे?

डिचोलीचा शेतकरी:

सप्रेम नमस्कार. आमच्याकडे मॅसी फर्ग्युसन ३५ हा जुना ट्रॅक्टर आहे. इंजिन पर्किन्सचे, तीन सिलिंडरचे, डिझेलवर चालणारे आहे. वडिलांच्या काळापासून तो शेतात राबतो आहे आणि आजही सरद (पावसाळी) हंगामातील चिखलणी व वायंगणाची (हिवाळी भातशेतीची) नांगरणी आम्ही त्याच्यावरच करतो. आमची काही जमीन खाजनात (खाडीकाठच्या खाऱ्या पाण्याच्या सखल शेतात) असल्यामुळे ट्रॅक्टर बराच वेळ पाण्यात असतो.

इंजिनाविषयी तक्रार नाही. सुरू लवकर होते, धूर कमी आहे, मागच्या बाजूने थोडे तेल पाझरते इतकेच. अडचण लिफ्टची आहे. सकाळी टिलर व्यवस्थित उचलला जातो. परंतु तासाभराच्या कामानंतर उचलताना लिफ्ट थरथरते आणि बांधावर वळण घेताना टिलर अर्ध्यातच अडकून राहतो. मागच्या डिपस्टिकवरचे तेल दुधाळ दिसू लागले आहे, त्यामुळे तेल बदलायचे हे निश्चित केले आहे. म्हापशाच्या दुकानात ६८ नंबरचे हायड्रॉलिक ऑइल सुचवले गेले, आमच्या ओळखीचे फिटर ९० नंबरच्या गिअर ऑइलचा आग्रह धरतात आणि शेजारचे शेतकरी म्हणतात की इंजिनात व मागे दोन्हीकडे १५डब्ल्यू-४० घालून मोकळे व्हावे. मूळ पुस्तिका आता घरात नाही. एका वेळी तीस लिटर तेल घ्यायचे असल्यामुळे जाणकारांनी कारणांसह मार्गदर्शन करावे, ही विनंती.

फोंड्याचा फिटर:

नमस्कार. आपल्याला मिळालेले तिन्ही सल्ले वेगवेगळ्या ट्रॅक्टरांना लागू पडतील, पण आपल्या ट्रॅक्टरची रचना आधी लक्षात घेतली पाहिजे. मॅसी ३५ मध्ये हायड्रॉलिकची वेगळी टाकी नाही. गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि लिफ्टचा पंप या सर्वांना एकच तेल पुरते, आणि पंप त्या तेलात बुडालेला असतो. त्यामुळे ‘हायड्रॉलिक ऑइल कोणते’ आणि ‘गिअर ऑइल कोणते’ असे दोन स्वतंत्र प्रश्न येथे नाहीत. दातांवरचा भार सोसेल आणि पंपाला सहज ओढता येईल असे एकच तेल शोधायचे आहे.

९० नंबरच्या तेलाला माझा विरोध आहे, आणि त्याचे कारण या पंपातच आहे. फर्ग्युसनच्या पद्धतीत लिफ्टचे नियंत्रण करणारा व्हॉल्व्ह पंपाच्या ओढण्याच्या बाजूला बसवलेला आहे, म्हणजे पंपात येणाऱ्या तेलाची वाटच तो कमी-अधिक उघडतो. तेल जाड असले की त्या अरुंद वाटेने ते पुरेसे येत नाही, पंपात पोकळी निर्माण होते आणि लिफ्ट थरथरते. शिवाय दुकानात ९० नंबर मागितले की पुष्कळदा जीएल-५ दर्जाचे (जास्त दाबाच्या गिअरसाठीचे) तेल हातात पडते. त्यातील गंधक-फॉस्फरसची द्रव्ये हायपॉइड गिअरसाठी असतात. या ट्रॅक्टरचा क्राउन-पिनियन स्पायरल बेव्हल जातीचा आहे, त्याला त्यांची गरज नाही. उलट पितळ आणि ब्राँझच्या बुशांना गरम तेलातील अशी द्रव्ये कालांतराने खातात. ९० नंबरचे तेल स्टिअरिंग बॉक्समध्ये अवश्य घाला, त्याची खरी जागा ती आहे.

६८ नंबरच्या बाबतीत उलटी अडचण आहे. हे तेल जेसीबीसारख्या यंत्रांच्या स्वतंत्र हायड्रॉलिकसाठी उत्तम. परंतु गरम झाल्यावर ते एसएई ३० (इंजिन ऑइलचा एक जाडीचा वर्ग) पेक्षाही पातळ होते आणि गिअरच्या दातांना हवे तसे संरक्षण त्यात नसते. झिजलेल्या पंपात पातळ तेल आतल्या आत निसटते, म्हणजे आपली गरम झाल्यावरची तक्रार वाढेल.

या आकड्यांमुळे अनेकांची गल्लत होते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. ६८ हा आकडा ४० अंश सेल्सिअसला मोजलेल्या सेंटिस्टोकचा (तेलाचा दाटपणा मोजण्याच्या एककाचा) आहे. इंजिन ऑइलचा ३० किंवा ४० आणि गिअर ऑइलचा ९० हे १०० अंशांवरच्या वर्गांचे क्रमांक आहेत, आणि त्या दोन मोजपट्ट्याही एकमेकींपासून वेगळ्या आहेत. १०० अंशांना एसएई ३० हे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या दरम्यान असते, एसएई ४० हे १२.५ ते १६.३ आणि गिअर ऑइलचे ९० हे सुमारे १३.५ ते १८.५. म्हणजे ९० नंबर हे ३० च्या तिप्पट जाड मुळीच नाही. ते इंजिन ऑइलच्या ४०-५० च्या आसपास येते.

माझी शिफारस यूटीटीओ प्रकारच्या (ट्रॅक्टरच्या गिअर आणि हायड्रॉलिक दोन्हींसाठी एकच असलेल्या) तेलाची आहे. आपल्याकडच्या दुकानांत ते ‘वेट ब्रेक ऑइल’ म्हणून मागितले तर लगेच मिळते. डब्यावर मॅसी फर्ग्युसनचे एम११३५ किंवा एम११४३ हे मानक लिहिलेले आहे का, ते वाचून घ्यावे. आपले ब्रेक कोरडे, ड्रमचे आहेत, त्यामुळे ब्रेकसाठी त्याची गरज नाही. परंतु गिअर आणि पंप दोन्ही सांभाळण्यासाठीच ते तेल बनवलेले असते. मात्र ते इंजिनात कधीही घालू नये.

सत्तरीकर:

फिटर महोदयांनी मागच्या तेलाविषयी लिहिले आहे, म्हणून मी इंजिनापुरते लिहितो.

या इंजिनासाठी २०डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-४० यांपैकी कोणतेही चांगले खनिज डिझेल इंजिन ऑइल चालते. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीत इंजिन सुरू होण्याशी संबंधित आहे, आणि गोव्यात तशी थंडी पडतच नाही, म्हणून १५ आणि २० मधील फरकासाठी जास्त पैसे देण्याचे कारण नाही. डब्यावरचा दर्जा एपीआय सीएफ-४ (डिझेल इंजिन ऑइलची एक श्रेणी) किंवा त्यापुढचा असावा. सीएच-४ किंवा सीआय-४ मिळाले तर घ्यावे. नवे डिझेल दर्जे जुन्या इंजिनांना चालतात. सिंथेटिक किंवा १०डब्ल्यू-३० सारख्या पातळ तेलाच्या मागे मात्र लागू नये. या पर्किन्स इंजिनात क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला दोरीसारखा सील असतो. आपण लिहिलेला मागचा पाझर बहुधा तेथूनच आहे आणि पातळ तेलाने तो वाढतो.

आणखी एक मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. इंजिन बरीच वर्षे स्वस्त, कमी दर्जाच्या तेलावर चालले असेल तर संपमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात) गाळ साठलेला असतो. चांगल्या तेलातील धुणारी द्रव्ये तो गाळ सोडवतात आणि सुटलेला गाळ जाळीत अडकतो. म्हणून शक्य असल्यास संप खाली उतरवून आतला गाळ हाताने पुसून काढावा, पंपाची जाळी डिझेलमध्ये धुवावी आणि नव्या तेलाची पहिली भरती नेहमीपेक्षा लवकर, तीस-चाळीस तासांतच बदलावी. सुमारे ७ लिटरचाच खर्च आहे, इंजिनाच्या मानाने तो काहीच नाही. फिल्टर बदलताना वाटीच्या वरच्या खाचेतील जुनी रबरी रिंग टोकदार तारेने उचलून काढावी. ती काळी पडून धातूला इतकी चिकटलेली असते की पुष्कळदा नजरेतून सुटते, आणि तिच्यावरच नवी रिंग बसवली तर दाब येताच तेल बाहेर फेकले जाते.

बदलण्याची वेळ केवळ तासांवर ठरवू नये. आपल्याकडे हे ट्रॅक्टर हंगामापुरते चालतात आणि मग महिनोन्महिने उभे राहतात. काजळी, आम्ल आणि ओलावा असलेले तेल बेअरिंगवर तसेच राहू देण्यापेक्षा वायंगणाचे काम आटोपले की लगेच बदलावे, म्हणजे उभ्या काळात आत स्वच्छ तेल राहते.

पेडण्याचा वाचक:

वरील बहुतेक मतांशी मी सहमत आहे; परंतु शेजाऱ्यांचा सल्ला सरसकट चुकीचा ठरवू नये. फर्ग्युसनच्या टीई-२० ट्रॅक्टरात, म्हणजे याच घराण्यातील आधीच्या ट्रॅक्टरात, मागच्या भागासाठीही एसएई ३० चे इंजिन ऑइलच सांगितलेले होते. ज्याला एम११३५ चे तेल परवडत नाही किंवा जवळच्या गावात मिळत नाही, त्याने मागे साधे एसएई ३० घातले तर ट्रॅक्टरचे नुकसान होणार नाही. मी स्वतः तसे वापरतो आणि लिफ्टची तक्रार नाही.

एकच सावधानता हवी. इंजिन ऑइलमधील द्रव्ये पाण्याला तेलात मिसळून धरतात, ते तळाशी बसू देत नाहीत. माझा ट्रॅक्टर भरडावर (उंचावरच्या कोरड्या जमिनीवर) चालतो, पाण्यात उतरत नाही, म्हणून मला ते चालते. आपल्या खाजनासाठी मीसुद्धा यूटीटीओच घेतले असते, कारण थोडा ओलावा आला तरी काम भागावे असा विचार त्यात केलेला असतो. तरीही तेल दुधाळ झाले की कोणत्याही जातीचे असो, ते काढलेच पाहिजे. खाजनाचे पाणी खारे आहे. गोड्या पाण्याने जे बेअरिंग हंगामभर टिकेल त्यावर खाऱ्या पाण्याने फार लवकर गंजाचे खड्डे पडतात.

डिचोलीचा शेतकरी:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. यूटीटीओ आणि इंजिनासाठी २०डब्ल्यू-४० असे ठरवतो आहे. मात्र तेल विकत घेण्याआधी दोन शंका आहेत. पहिली, तेल बदलल्याने गरम झाल्यावरची तक्रार जाईल का? आज इंजिन बंद करून, टिलर उचललेल्या स्थितीत ठेवून पाहिले, तर तो काही मिनिटांतच जमिनीवर आला. दुसरी, जुने तेल काढल्यावर आतून डिझेल घालून, पंप फिरवून धुवावे असे काहीजण सांगतात. ते करावे का?

फोंड्याचा फिटर:

आपण केलेली चाचणी उपयोगी आहे, आणि तिच्यावरून मी असे म्हणेन की केवळ तेल बदलून काम होणार नाही. इंजिन बंद असताना टिलर खाली येतो याचा अर्थ उचलून धरलेले तेल कुठून तरी निसटते आहे. लिफ्ट सिलिंडरच्या पिस्टनची रिंग, पंपाकडून वर जाणाऱ्या नळीचे ओ-रिंग किंवा व्हॉल्व्ह, यांपैकी काहीतरी सैल आहे. थंड तेल जाड असते, म्हणून सकाळी गळती भरून निघते. तेल तापून पातळ झाले की पंपाने दिलेले तेल गळतीतच जाते. ९० नंबर घालून पुष्कळ ठिकाणी ही गळती काही दिवस झाकली जाते, आणि म्हणूनच त्या तेलाला नाव मिळाले आहे. ही गळती शोधून दुरुस्त केल्याशिवाय नवे तेल भरू नये, नाहीतर तीस लिटर तेल पुन्हा काढावे लागेल.

कुठून निसटते ते पाहण्यासाठी तेलाची पातळी थोडी उतरवून बाजूचे झाकण काढावे, अवजार उचलून इंजिन बंद करावे आणि बॅटरीच्या उजेडात पाहावे. नळीच्या ओ-रिंगमधून जात असेल तर तेलाची बारीक धार स्पष्ट दिसते. सिलिंडरच्या तोंडातून ठिबकत असेल तर पिस्टनच्या रिंगकडे बोट जाते. इंजिन चालू असताना आत हात अजिबात घालू नये, कारण पीटीओचा (मागच्या अवजारांना फिरती शक्ती देणारा) शाफ्ट तेथूनच जातो. उचललेल्या टिलरखाली लाकडी ठोकळे दिल्याशिवाय खाली वाकू नये.

डिझेलने धुण्याबाबत माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. हा पंप दोन हजार पीएसआयच्या पुढे दाब तयार करतो आणि त्याच्या पिस्टनना वंगण फक्त त्यातून जाणाऱ्या तेलाचेच मिळते. डिझेलवर तो फिरवला की थोड्याच वेळात ओरखडे पडतात. त्याऐवजी ट्रॅक्टर रात्रभर सपाट जागी न हलवता उभा ठेवावा आणि सकाळी इंजिन सुरू करण्याआधी तळाचा प्लग हळूहळू सैल करावा. सुटे पाणी तळाशी असेल तर ते आधी बाहेर येते. त्यानंतरचे तेल कामावरून आल्यावर, गरम असताना काढावे. उरलेल्यात किती ओलावा आहे हे पाहायचे असल्यास जुन्या लोखंडी तव्यावर, चूल घराबाहेर मांडून, एक थेंब टाकावा. तडतड झाली तर पाणी आहे. आतील तळ कापडाने पुसावा, सुती धागे सोडणारे फडके वापरू नये. पंपाच्या तोंडाशी जाळी असल्यास ती याच वेळी काढून धुवावी.

पाणी आत येण्याच्या वाटाही याच वेळी बंद करून घ्याव्यात. गिअरच्या दांड्याखालचा रबरी बूट फाटलेला असतो आणि पावसात उभ्या ट्रॅक्टरात पाणी तेथूनच उतरते. केज व्हील (चिखलासाठीची लोखंडी जाळीदार चाके) लावून चिखलणी करत असाल तर मागच्या अॅक्सलचे सीलही तपासावेत. ते गेले की पाणी आत येतेच, आणि तेल बाहेर येऊन ब्रेकच्या लायनिंगवर पसरते. तेल लागलेले लायनिंग धुऊन पुन्हा वापरू नये, नवे घालावे.

काढलेले काळे तेल मेरेवर (बांधावर) किंवा ओहोळात ओतू नका. खाजनातील मासळी आणि भात दोन्ही त्या पाण्यावर आहेत. डब्यात भरून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे द्यावे.

भरताना ट्रॅक्टर सपाट जागी आणि लिफ्टचे हात पूर्ण खाली असावेत. साधारण तीस लिटर एकदम न ओतता थोडे कमी भरावे, इंजिन सुरू करून लिफ्ट पाच-सहा वेळा वर-खाली करावी, हात खाली ठेवून इंजिन बंद करावे आणि दहा मिनिटांनी डिपस्टिक पाहून वरच्या खुणेपर्यंत भर घालावी. पहिल्या चिखलणीच्या दिवसानंतर तेलाचा रंग पुन्हा पाहा. फिकटपणा दिसला तर एखादा सील अजून राहिला आहे असे समजावे.