फॉरमॅटरची सेटिंग फाइल उडवा म्हणणाऱ्यांना

स्वल्पविराम:
परवा डिफॉल्टराव यांनी फतवा काढला की फॉरमॅटरला (कोडची मांडणी आपोआप नीट करणाऱ्या टूलला) सेटिंग फाइल देणं म्हणजे टीममधल्या सगळ्यात हट्टी माणसाचा हट्ट रेपोत, म्हणजे टीमच्या सामायिक कोडसाठ्यात, कमिट करून ठेवणं, तेव्हा ती फाइल उडवा आणि डिफॉल्टवर सुखाने नांदा. खाली नुसता +१ चा पाऊस. तिथेच प्रतिसाद द्यायला बसलो होतो पण लांबत गेला म्हणून वेगळा धागा, जिलबी वाटली तर वाटू द्या.

डिफॉल्ट काय आकाशातून पडतो का? तेही कुणाचं तरी मतच, आणि ते मत बदलतं. प्रेटियर या जावास्क्रिप्टच्या फॉरमॅटरमध्ये यादीतल्या शेवटच्या कॉमाचा डिफॉल्ट आधी 'नको' होता, २०२० ला २.० आलं तेव्हा 'ईएस५' (जुन्या जावास्क्रिप्टला चालतो तेवढ्याच जागी) झाला, २०२३ ला ३.० मध्ये 'सगळीकडे' झाला. म्हणजे डिफॉल्टवर नांदणाऱ्याने फक्त व्हर्जन वाढवलं आणि अख्ख्या रेपोत कॉमे उगवले. ज्याने फाइलमध्ये एक ओळ लिहून ठेवली होती त्याच्या रेपोत कॉमे जसेच्या तसे.

आणि फाइल उडवल्यावर नक्की काय होतं हे +१ वाल्यांपैकी कुणी करून बघितलंय का? व्हीएस कोड या एडिटरचं प्रेटियर एक्स्टेन्शन रेपोत सेटिंग फाइल सापडली नाही की ज्याच्या त्याच्या युजर सेटिंगकडे वळतं. तुमच्याकडे सिंगल कोट, माझ्याकडे डबल, तिसऱ्याच्या मशीनवर इंडेंट (ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा) ४ चा. सेव्ह केलं की प्रत्येकाचा कोड वेगळा दिसणार. सीआयवर (कोड आला की आपोआप तपासणाऱ्या सर्व्हरवर) चालणारा कमांड लाइनचा प्रेटियर तर ही युजर सेटिंग वाचतच नाही, त्याला जगभरची कॉमन सेटिंग हा प्रकार मुद्दामच ठेवलेला नाही. म्हणजे लोकल हिरवं, सीआय लाल, आणि नवीन आलेला पोरगा दुपारभर डोकं खाजवतोय. रेपोत नुसते दोन महिरपी कंस असलेली फाइल टाकली तरी एक्स्टेन्शन युजर सेटिंग बघणं सोडून देतं. तुम्ही फाइल उडवून एकाचा हट्ट घालवत नाही, सगळ्यांचे हट्ट परत आणता.

माझं म्हणणं एवढंच की फाइल प्रोजेक्टची असू दे, रेपोत असू दे, त्यात ओळीची लांबी आणि लाइन एंडिंग (ओळ संपल्याचं अदृश्य चिन्ह) लिहून ठेवा, आणि पॅकेज जेसनमध्ये (प्रोजेक्टला लागणाऱ्या टूलांच्या यादीत) फॉरमॅटरचं व्हर्जन नेमकं बांधा, नव्या व्हर्जनला वाट देणारं ते कॅरेटचं चिन्ह काढून. बाकी फॉण्ट, थीम, रंग घरी काय करायचं ते करा.

डिफॉल्टराव:
माझ्या नावाने धागा निघाला, धन्य झालो.

एक्स्टेन्शनचा मुद्दा बरोबर आहे. ठेवा फाइल. पण रिकामी ठेवा! माझ्या पोस्टमध्ये 'फाइल डिलीट करा' आहे तिथे 'आतलं डिलीट करा' असं वाचा, झालं समाधान?

'दोनच ओळी' असं सगळेच म्हणतात हो. आमच्या जुन्या ऑफिसात ओळ १०० ची की १२० ची यावर आर्किटेक्टने मीटिंग लावली, त्यात मॅनेजर, मग त्याचा मॅनेजर, मग 'क्लायंटलाही विचारून घेऊ'. शेवटी १२० ठरलं कारण मोठ्या साहेबांच्या टेबलावर रुंद मॉनिटर होता. आम्ही बाकीचे लॅपटॉपवर आडवं स्क्रोल करत बसलो. प्रेटियरच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्वच्छ लिहिलंय की ८० च्या वर जाऊ नका, आणि हेही लिहिलंय की हे टूल वाद मिटवायला आहे, ऑप्शन वाढवायला नाही. आता टूल बनवणाऱ्यांपेक्षा आपल्याला जास्त कळतं असं असेल तर बोलणंच खुंटलं.

काडीपेटी:
ऑप्शन वाढवणार नाही म्हणणाऱ्यांनीच प्रेटियर ३.५ मध्ये ऑब्जेक्ट रॅपचा ऑप्शन दिला. पायथनच्या ब्लॅक फॉरमॅटरवाले स्वतःला 'तडजोड न करणारा' म्हणवतात आणि डबल कोट नको असेल तर त्याचाही ऑप्शन देतात. शिवाय ओळ ८८ ची. का, तर ८० वर दहा टक्के. भाजीवर कोथिंबीर द्यावी तसे.

पॉपकॉर्न घेऊन बसलोय, चालू द्या.

राईनकाठी:
आमच्याकडे गो भाषा आहे. तिच्या गोफएमटी या फॉरमॅटरला स्टाइलचा एकही ऑप्शन नाही. इंडेंट टॅबचा, विषय संपला. गो बनवणाऱ्यांपैकी रॉब पाइक म्हणून गेलाय की गोफएमटीची स्टाइल कुणाचीच आवडती नाही पण गोफएमटी सगळ्यांचं आवडतं आहे. इथे जर्मनीत नियमांवर वाद घालण्यात पीएचडी केलेले लोक टीममध्ये आहेत, पण कोडच्या स्टाइलवर रिव्ह्यूत एक कॉमेंट आलेली मला आठवत नाही. डिफॉल्टराव यांना शंभर टक्के सहमत.

स्वल्पविराम:
@राईनकाठी गोमध्ये पहिल्यापासून एकच फॉरमॅटर भाषेबरोबर आला, म्हणून ते जमलं. जावास्क्रिप्टला वीसेक वर्षं उलटल्यावर २०१७ ला प्रेटियर आला. तोवर प्रत्येक गल्लीत वेगळी स्टाइल रुजली होती. ज्यांचं लग्नच ठरवून झालं त्यांनी प्रेमविवाहवाल्यांना शिकवू नये. हलके घ्या.

हिंजवडीकर:
तुम्ही सगळे मॅकवाले दिसताय. आमच्याकडे क्लायंटचे विंडोज लॅपटॉप, अ‍ॅडमिन राइट्स नाहीत, साधं एक्स्टेन्शन टाकायला आयटीला तिकीट. रेपो क्लोन केला (आपल्या मशीनवर उतरवला) की पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत लाल रेषा आणि प्रत्येकीवर माउस नेला की एकच मेसेज, 'डिलीट' आणि पुढे ते 'सीआर' लिहिलेलं चिमुकलं चिन्ह. कोडची एक ओळ बदललेली नाही आणि हजारो एरर. मी एंड ऑफ लाइन 'ऑटो' केलं माझ्या सेटिंगमध्ये, तर लीड म्हणतो फाइलला हात लावायचा नाही. डिफॉल्ट डिफॉल्ट काय करताय, हा डिफॉल्टच आमच्या मुळावर आलाय.

स्वल्पविराम:
@हिंजवडीकर हाच तर माझा मुद्दा आहे. २.० पर्यंत तो डिफॉल्ट 'ऑटो' होता, मग 'एलएफ' (लिनक्स-मॅकचं ओळ संपल्याचं चिन्ह) झाला, आणि कोडचे बदल सांभाळणारं गिट विंडोजवर इन्स्टॉलरच्या डिफॉल्टने टाकलं की चेकआउट करताना सीआरएलएफ (विंडोजचं चिन्ह) करून देतं. दोन टूल, दोन डिफॉल्ट, मध्ये तुम्ही. पण 'ऑटो' नका करू, त्याने नुसतं तुमच्यापुरतं झाकलं जाईल. रेपोत गिटअ‍ॅट्रिब्यूट्स ही, फाइली कशा हाताळायच्या ते गिटला सांगणारी, फाइल टाकून तिथे एलएफ लिहा, मग कुणाच्या मशीनवर काय सेटिंग आहे याने फरक पडत नाही.

जुनाखोंड:
वेब वेब आणि वेब. जगात सी नावाची भाषा अजून आहे, तुमच्या गाडीचा ब्रेक तिच्यावर लागतो.

चाकणला गाड्यांच्या ईसीयूवर (गाडीतल्या कंट्रोल कॉम्प्युटरवर) काम करतो. सीसाठीच्या क्लँग-फॉरमॅट या फॉरमॅटरला शंभरावर ऑप्शन आहेत आणि ते लागतात. कॅलिब्रेशनचं टेबल असतं, १६ कॉलम, प्रत्येक आकडा वरच्या आकड्याखाली, वर आरपीएम, डावीकडे लोड. माणूस ते टेबल डोळ्यांनी वाचतो आणि एखादा आकडा बाहेर गेलेला दिसला की ओरडतो. नवीन पोराने 'डिफॉल्ट एलएलव्हीएम' (क्लँग-फॉरमॅटची मूळ स्टाइल) म्हणून सेव्ह मारलं आणि टेबलाचा परिच्छेद झाला. ८० कॉलम आले की पुढची ओळ, आकडे कुठे आणि कॉलम कुठे. आता वर 'क्लँग-फॉरमॅट ऑफ' आणि खाली 'ऑन' अशा कॉमेंट टाकून टेबलं राखतो. रिकामी फाइल ठेवा म्हणणाऱ्याने एकदा येऊन ते टेबल वाचून दाखवावं.

आणि टॅब ८ चाच. लिनक्स कर्नलमध्येही ८ चा आहे. तीनच्या वर पातळ्या लागत असतील तर तुमचं फंक्शनच चुकलंय.

डिफॉल्टराव:
टेबलाचं मान्य, ते अपवाद, आणि त्यासाठी ऑफ-ऑन कॉमेंट आहेच, सेटिंग फाइल कशाला लागते?

टॅब मात्र राहू द्या म्युझियममध्ये. २०२० साली कर्नलवाल्यांनीही ८० कॉलमची वॉर्निंग १०० वर नेली. जग स्पेसवर गेलंय.

सांजवारा:
मी सहसा इथे लिहीत नाही पण 'म्युझियम' वाचून राहवलं नाही.

माझ्या डोळ्यांचा रेटिनाचा त्रास आहे. एडिटरमध्ये फॉण्ट एवढा मोठा करून बसते की एका ओळीत जेमतेम पन्नासेक अक्षरं दिसतात. चार स्पेसच्या इंडेंटने चार पातळ्या आत गेलं की स्क्रीनचा तिसरा भाग पांढरा. कोड कुठे सुरू होतो ते शोधायला आडवं सरकत जायचं, तोवर वरची ओळ विसरायची. टॅब असेल तर माझ्या एडिटरमध्ये मी त्याची रुंदी १ करते. तुमच्याकडे ४ दिसतो, जुनाखोंड काकांकडे ८, फाइलमध्ये तेच एक अक्षर. ब्रेल डिस्प्लेवाल्यांचं तर विचारूच नका, तिथे प्रत्येक स्पेस एक खाना खाते आणि खाने मोजकेच असतात.

ही सेटिंग माझा हट्ट आहे का डिफॉल्टराव?

डिफॉल्टराव:
ताई, तुमच्या अडचणीबद्दल पूर्ण आदर आहे. पण एका व्यक्तीसाठी अख्ख्या टीमने कोड बदलायचा का? एडिटरला सांगा ना स्पेस लहान दाखवायला.

सांजवारा:
दाखवतो का तुमचा एडिटर? चार स्पेसचा इंडेंट एक करून दाखवणारं सेटिंग असेल तर नाव सांगा, मी आजच टाकते. शोधून झालंय माझं.

आणि 'टीमने बदलायचा' म्हणजे काय बदलायचं? प्रेटियरमध्ये 'यूज टॅब्स' ही एक ओळ आहे. टायपिंग फॉरमॅटर करतो. तुम्ही टॅबचं बटण दाबता, ते आत्ताही दाबताच.

काडीपेटी:
डिफॉल्टराव, 'पूर्ण आदर आहे, पण' या चार शब्दांनंतर काय येतं ते आम्हाला पाठ आहे.

डिफॉल्टराव:
काडीपेटी, तुम्ही काड्याच टाका. मी आदराने लिहिलंय. प्रश्न विचारणं हा गुन्हा झालाय का आता? उद्या कुणी म्हणेल मला हिरवा रंग दिसत नाही, मग सीआय पण निळं करायचं?

जुनाखोंड:
हो, करायचं. डॅशबोर्डवरचे दिवे डिझाइन करताना आम्ही हाच विचार करतो, नुसत्या रंगावर भिस्त ठेवत नाही, चिन्हही वेगळं असतं. तुमच्या वेबमध्ये शिकवत नाहीत वाटतं.

राईनकाठी:
विषय निघालाच आहे तर, गोफएमटीत टॅब आहे हे मी वर लिहिलं होतं ;) पण यॅमल या सेटिंग लिहायच्या भाषेत इंडेंटला टॅब चालतच नाही, पायथनमध्ये टॅब-स्पेस मिसळले की एरर. म्हणजे 'सगळीकडे टॅब' हेही होणार नाही. भाषेनुसार वेगळं लिहावंच लागेल.

सांजवारा:
त्यासाठीच सेटिंग फाइलमध्ये ओव्हरराइड्स (ठरावीक फाइलींना वेगळा नियम) असतात. पायथनला ब्लॅकमध्ये टॅबची सोयच नाही, तिथे भांडून काही झालं नाही. मग आमच्या टीमने रफ हे दुसरं टूल घेतलं, त्यात इंडेंट स्टाइल टॅब लिहिता येतं. लीडने माझी स्क्रीन शेअर करून बघितली आणि पुढच्या स्प्रिंटमध्ये बदललं. कुणी मीटिंग लावली नाही.

हिंजवडीकर:
असा लीड आम्हाला का मिळत नाही. आमचा लीड स्क्रीन शेअर फक्त टाइमशीट बघायला करतो.

डिफॉल्टराव:
बरं. सरळ लिहितो, म्हणजे पुन्हा कोणी शब्द पकडायला नको. टॅबच्या बाबतीत ताईंचं म्हणणं पटलं. रंगाचं वाक्य मागे घेतो. 'यूज टॅब्स' ही ओळ रिकाम्या फाइलमध्ये चालेल.

पण माझा मूळ मुद्दा तसाच आहे. ही ओळ एका माणसाला काम करता यावं म्हणून आहे. १२० ची ओळ साहेबांच्या मॉनिटरसाठी होती. तुम्ही दोन्हींना 'प्रोजेक्टची सेटिंग' म्हणून एका दावणीला बांधताय. स्वल्पविराम यांनी सिंगल कोट का हवा याचं एक तरी कारण द्यावं जे आवडीपलीकडचं आहे.

स्वल्पविराम:
सिंगल कोट हवा असं मी कुठे लिहिलंय? दोन ओळी लिहिल्यात, लांबी आणि लाइन एंडिंग. आता ताईंची तिसरी. वर वाचा.

काडीपेटी:
दोनाच्या तीन झाल्या. डिफॉल्टराव 'सगळेच असं म्हणतात' हे म्हणाले होते तेवढं मात्र खरं निघालं हां.

जुनाखोंड:
टेबलाचं कुणी काही बोललं नाही. ऑफ-ऑन कॉमेंट म्हणे. एका फाइलमध्ये पाऊणशे टेबलं असतात, दीडशे कॉमेंट टाकू का? क्लँग-फॉरमॅटला अ‍ॅरे रांगेत लावायचा ऑप्शन आहे, पण तो जुन्या व्हर्जनमध्ये नाही, आणि आमच्या बिल्ड सर्व्हरवर जुनं व्हर्जन आहे, ते बदलायचं तर आधी टूल क्वालिफिकेशनचे (टूल भरवशाचं असल्याचे) कागद.

स्वल्पविराम:
काका, बिल्ड सर्व्हरला कशाला हात लावताय? फॉरमॅटर काही कम्पायलर नाही. टेबलं वेगळ्या फोल्डरमध्ये काढा आणि त्या फोल्डरमध्ये 'डिसेबल फॉरमॅट' लिहिलेली वेगळी क्लँग-फॉरमॅट फाइल ठेवा. तो जवळची फाइल बघतो.

जुनाखोंड:
हे बरं आहे. कुणीतरी कामाचं बोललं. फोल्डर हलवायचा म्हणजे इन्क्लूड पाथ हलणार, तो वेगळा तमाशा, पण बघतो.

हिंजवडीकर:
@स्वल्पविराम, गिटअ‍ॅट्रिब्यूट्स टाकलं. लाल रेषा गेल्या. पण कुणीतरी पूर्वी सीआरएलएफ तसेच कमिट केले होते, त्यामुळे आता पीआरमध्ये (बदल जोडून घ्यायच्या विनंतीत) अर्ध्या रेपोच्या फाइली बदललेल्या दिसतायत आणि ब्लेम (कुठली ओळ कुणी बदलली त्याची गिटमधली यादी) काढला की प्रत्येक ओळ माझ्या नावावर. प्रोडक्शनला काही फुटलं की पहिला फोन मलाच.

स्वल्पविराम:
रीनॉर्मलाइझचा (लाइन एंडिंग एकसारखी करण्याचा) कमिट वेगळा मारा, त्यात दुसरं काही घालू नका. त्याचा हॅश (ओळख क्रमांक) 'गिट ब्लेम इग्नोर रेव्ह्ज' फाइलमध्ये टाका आणि गिट कॉन्फिगमध्ये त्या फाइलचं नाव द्या. ब्लेम तो कमिट ओलांडून मागच्या खऱ्या माणसावर जातो. गिट २.२३ पासून आहे हे.

हिंजवडीकर:
आमच्याकडे २.१७ आहे. तिकीट टाकलंय आयटीला, 'बिझनेस जस्टिफिकेशन द्या' म्हणतायत. काय लिहू?