पुणे-बंगळूर एका दिवसात, घरच्यांसह: अनुभवी मंडळींनी लिहा

वाटसरू
सोसायटीत आज दोन गाड्यांवर कॅरिअर चढले आणि दक्षिणेच्या जुन्या सहली आठवल्या. कन्याकुमारी असो की पुदुच्चेरी, आपला पहिला दिवस बहुधा ठरलेला: राष्ट्रीय महामार्ग ४८, पुणे ते बंगळूर, साधारण ८४० किमी. नव्याने निघणाऱ्यांच्या उपयोगाचं लिहा. माझ्याकडून एवढंच: नकाशा सांगेल त्यावर तीन तास धरा, पहाटे ४ ला पुणं सोडा. कोल्हापूर २३० किमी, तिथे नाश्ता. हुबळी अर्ध्यावर, तिथे जेवण. गाडीत ज्येष्ठ मंडळी आणि चालवणारा एकटा असेल तर हुबळी किंवा चित्रदुर्गला मुक्काम करा, हट्ट नको.

पाना_पक्कड
आधी टायर. हवा थंड टायरमध्ये भरायची, म्हणजे गाडी तीन तास तरी उभी असलेली. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर असतो. पाच माणसं आणि भरलेली डिकी असेल तर 'फुल लोड'चा आकडा बघा, तो वेगळा असतो. उन्हात गाडी चालवून पंपावर गेलात की हवा ४-५ पीएसआय जास्त दिसते आणि तिथला मुलगा ती काढायला लागतो. काढू देऊ नका. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते, आतून तापते आणि शेवटी फुटते.
टायर कधीचा आहे ते बाजूवरच्या चार आकड्यांवरून कळतं: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. खाचा १.६ मिमीवर आल्या की टायर बाद.
स्टेपनी सामान भरायच्या आधी तपासा. चाक बदलताना नट आधी ढिले करा, मग जॅक लावा. कसताना समोरासमोरचे कसा आणि ५० किमीनंतर पुन्हा बघा.

वाटसरू
@पाना_पक्कड, अगदी हेच हवं होतं!

तुळस
मुलांना गाडी लागते त्याचं काय करायचं?

मात्रा_वळसा
@तुळस, रिकाम्या पोटी निघू नका, पण तेलकटही नको. मोबाईल बंद, नजर समोर लांबवर. अव्होमिन ही गाडी लागण्यावरची गोळी दोन वर्षांखालच्यांना द्यायचंच नाही, मोठ्यांना किती ते डॉक्टरांना विचारा. चालवणाऱ्याने घेऊ नये, झोप येते. आणखी एक, एसी सतत आतल्याच हवेवर ठेवला की गाडी कोंदटते आणि सगळे पेंगतात. मधूनमधून बाहेरची हवा घ्या.

रातकिडा
झोपेवरून. दुपारी २ ते ४ सगळ्यात वाईट, नेमका हुबळीनंतरचा पट्टा. काच उघडून, गाणी मोठी करून झोप जात नाही. कॉफी प्या आणि लगेच सीट मागे करून २० मिनिटं डोळे मिटा, उठेपर्यंत कॉफी लागू झालेली असते. थांबायचं ते पंपावर, रस्त्याच्या कडेला नाही. मोटार वाहतूक कामगारांच्या १९६१ च्या कायद्यात दिवसाला ८ तास काम आणि ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती होती. घरच्या माणसाला आपण १४ तास बसवतो.

मात्रा_वळसा
+१ शेवटच्या वाक्याला.

घाटवाट
फास्टॅगचा वार्षिक पास बघा. ऑगस्ट २०२५ मध्ये आला तेव्हा ३,००० रुपयांत २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. राष्ट्रीय महामार्गांवरच चालतो. मुंबईकरांनो, एक्स्प्रेसवेचा टोल वेगळा कापला जाईल.
चित्रदुर्गच्या पवनचक्क्या दिसल्या की वेग कमी करा. कॅरिअर भरलेला असेल तर आडवा वारा गाडी ढकलतो. जड बॅगा डिकीत, सीटच्या पाठीला टेकवून ठेवा, वर फक्त हलकं.

खमंग
खायला दशम्या न्या, बटाट्याचे पराठे उन्हात आंबतात.

तुळस
@खमंग, कृती टाका ना, माझ्या कडक होतात.

खमंग
कणीक दुधातच भिजवा, पाणी अजिबात नाही. तेलाचं मोहन, मीठ, अर्धा तास झाकून ठेवा. तव्यावर जास्त वेळ राहिल्या की कडक होतात, म्हणून आच मध्यम. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, नाहीतर वाफेने ओल सुटून बुरा येतो. सोबत शेंगदाण्याची चटणी, कोरडी.

रातकिडा
धाग्याचं पाकशास्त्र व्हायच्या आत: पाण्याच्या बाटल्या ड्रायव्हरच्या पायाशी ठेवू नका. घरंगळून ब्रेक पेडलखाली अडकली तर ब्रेक दाबलाच जात नाही. दाराच्या खणात ठेवा.

वाटसरू
बंगळूरच्या तोंडावर नेलमंगलला संध्याकाळी कायम कोंडी असते. कन्याकुमारीकडे जाणाऱ्यांनी तुमकूर रोडवरून नाइस रोड धरावा, शहरात शिरावं लागत नाही.

तुळस
@खमंग, मोहन किती? वाटीभर कणकेला?

खमंग
दोन चमचे. गरम नको, गारच.